शब्दन् शब्द पाठ

आपली लेकरं प्रभूच्या वाटेवर वाढावीत, असं कुठल्या ख्रिस्ती आईला वाटत नाही? शिवणकाम करून घराला हातभार लावणाऱ्या धाकट्या सुनेलाही वाटायचं. मुलगी पोटात असताना तिने प्रार्थना केली होती, "हिला तुझी ओढ लागू दे, बाकी काही मागत नाही." पण मुलगी बोलायला लागली आणि आईचं मागणं वाढलं. आता तिला थोरल्या जावेच्या मुलीपेक्षा जास्त वचनं पाठ व्हायला हवी होती!

थोरली शाळेत शिकवायची, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिची मुलगी दर रविवारी चर्चमध्ये पुढे उभी राहून पवित्र शास्त्रातली वचनं घडाघडा म्हणायची. लोक माना डोलवायचे, पाळकसाहेब पाठ थोपटायचे आणि बाकावर बसलेल्या धाकटीच्या पोटात दुखायचं. तिची स्वतःची लेक तेव्हा बाकाखाली शिरून कुणाचं तरी पडलेलं बटण शोधत असायची. तिला सगळे भिंगरी म्हणत, ते उगीच नाही.

मग घोकंपट्टी सुरू झाली. मशीन खडखडायचं आणि धाकटी ओठांत टाचण्या धरून वचनं सांगायची. भिंगरी अडखळली की आई कडाडायची, "पुन्हा म्हण! मोठ्या काकूच्या ताईला बरं येतं ते!" भिंगरीला एकही वचन धड पाठ होईना. धाकटीला मात्र सगळी झाली.

जेवणाआधी घरात डोळे मिटले जात, तेव्हा धाकटीच्या मनातली मळमळ प्रार्थनेतूनच बाहेर पडायची. "प्रभू, अन्नासाठी तुझे आभार. आणि काही लोकांना फार गर्व चढलाय, त्यांचे डोळे उघड." नवरा एक डोळा किलकिला करून बघायचा, पण आमेन म्हणायचा. उपाशी माणूस दुसरं काय करणार?

सासूबाईंच्या वाढदिवसाला दोन्ही घरं एका टेबलाभोवती जमली. थोरली कौतुकाने म्हणाली, "आज प्रार्थना आमची भिंगरी करेल."

भिंगरीने हात जोडले, डोळे घट्ट मिटले. "प्रभू, अन्नासाठी तुझे आभार. मोठ्या काकूला फार गर्व चढलाय, तिचे डोळे उघड. आणि रविवारी ताईला वचन विसरू दे, म्हणजे आईला बरं वाटेल. आमेन."

आमेन म्हणायला कुणाचंच तोंड उघडलं नाही. ताईचे डोळे भरून आले. धाकटीने हात उगारला, तो सासूबाईंनी वरचेवर धरला.

"तिला का मारतेस? हिला काही पाठ होत नाही म्हणतेस ना? बघ, तुझा शब्दन् शब्द पाठ आहे!"

"आई, मी हे नाही हो शिकवलं तिला."

"शिकवलंस ते तिने सोडलं, केलंस ते उचललं. पोरं अशीच शिकतात. देवाची ओढ लागावी म्हणत होतीस, आणि देवासमोर बसवून शिकवलंस काय? जळायला!"

भिंगरी कावरीबावरी झाली होती. "आई, माझं कुठे चुकलं?"

धाकटीला रडू फुटलं. "तुझं नाही गं बाई, माझं चुकलं! जाऊबाई, मी जळत होते तुमच्यावर."

थोरलीने ताईचे डोळे पुसले. मग म्हणाली, "ते दिसत होतं मला. आणि तरीही मी तुझ्यासमोरच पोरीचं कौतुक करायचे. चल, वाढ आता."

रविवारी ताई वचन म्हणता म्हणता खरंच अडकली. खोटं कशाला सांगा, धाकटीला क्षणभर आनंदाची उकळी फुटली! पण शेजारी बसलेली भिंगरी पुढे बघतच नव्हती, ती आईच्या तोंडाकडे बघत होती. धाकटीने ओठ हलवून ताईला पुढचे शब्द दिले. आज ओठांत टाचण्या नव्हत्या. ताईने शब्द उचलले आणि वचन पुरं केलं.

आयांनो आणि बापांनो, लेकरांना वचनं जरूर शिकवा. पण दिवसभर आपण स्वतः काय घोकतो, तेही एकदा ऐका. त्यांचे कान तिकडेच लागलेले असतात.

त्या दिवशी जेवणाआधी भिंगरी आपणहून म्हणाली, "प्रभू, ताईला वचन आठवलं, तरी आईला बरं वाटलं. तुझे आभार."

आमेन सगळ्यात आधी धाकटीनेच म्हटलं.