वहीतली गाळलेली ओळ

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली हट्टी यंत्रं फक्त तात्यांचं ऐकत, आणि नेमकं हेच विभागप्रमुख बाईंच्या डोळ्यांत खुपत होतं. या बाई पूर्वी तात्यांच्याच हाताखाली पाना धरायला शिकलेल्या. तात्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना बाईंनी त्यांच्यासमोर कोरी वही ठेवली.

"तात्या, तुम्हाला येतं ते सगळं यात लिहून काढा. नव्या तंत्रज्ञाला उपयोगी पडेल."

"आणि मी काय करू?"

"आराम करा. मुदतीआधी निवृत्ती घेता येते. या वयात ही धावपळ झेपत नाही हो."

चष्मा लावला की तात्या अजून केसाएवढी तार जोडत. पण सांगणार कोणाला? घरी बायको म्हणाली, "सगळं लिहून दिलंत, तर तुम्हाला ठेवतील कशाला?" न लिहावं, तर 'सहकार्य करत नाहीत' असा शेरा ठरलेला. इकडे आड, तिकडे विहीर.

तात्यांनी वही भरली, आकृत्यांसकट, मोत्यासारख्या अक्षरात. गाळली ती एकच ओळ: पंप बंद करण्याआधी वरची झडप लावावी, नाहीतर पंपातलं तेल उलटं यंत्रात चढतं. अडलं की येतील झक मारत, असं म्हणून ते गालातल्या गालात हसले.

अडलं नाही, थेट बिघडलं. नव्या तंत्रज्ञाने वहीत बोट ठेवून शब्दन् शब्द पाळला आणि पंप बंद केला. सकाळी यंत्रभर तेल. त्यात ठेवलेले एका विद्यार्थिनीचे आठ महिन्यांचे नमुने बरबटून गेले. ती जिन्यात बसून रडत होती. तिच्या बाजूने खाली उतरताना तात्यांना स्वतःची लाज वाटली.

चौकशीला तिघं बसली. "एवढी महत्त्वाची ओळ राहिली कशी?" बाईंनी विचारलं.

मुद्दाम गाळली म्हणावं, तर बडतर्फी, आणि तीस वर्षांच्या नोकरीला काळिमा. दुसरं उत्तर काय आहे, हे तात्यांना ठाऊक होतं.

"विसरलो," ते म्हणाले.

तिघांनी समजूतदारपणे माना हलवल्या. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "होतं असं या वयात. मी म्हणतच होते."

निवृत्तीचा अर्ज टाईप करून तयारच होता. सहीच्या जागी बाईंनी पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली होती. भोक पाडण्याआधी खूण करून घ्यावी, हे त्यांना तात्यांनीच शिकवलं होतं.