शनीपाशी अडलेली पट्टी

सुभाष गुरुजी पूर्वी घरोघरी पाणी शुद्ध करायची मशिनं विकायचे. त्या धंद्यात लोक त्यांना दारातूनच परत पाठवत. ज्योतिषाच्या धंद्यात लोक आपण होऊन येतात आणि वर चपला काढून येतात, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि बेव्हर्ली पार्क नावाच्या वस्तीतल्या एका तळमजल्यावर ‘ग्रहप्रसाद केंद्र’ उभं राहिलं. आत एसी, उदबत्ती, सोफा, आणि भिंतीवर भलामोठा टीव्ही. पत्रिका कॉम्प्युटरवर जुळायची आणि जुळताना टीव्हीवर दिसायची. आपल्याकडे लपवाछपवी नाही, असं गुरुजी प्रत्येकाला बजावून सांगायचे.

अडचण एकच होती. मुलामुलीची जन्मवेळ टाकून बटण दाबलं की टीव्ही पांढराफटक पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. तेवढा वेळ गुरुजींना बोलत राहावं लागे. हवापाणी झालं, पार्किंग झालं, मेट्रोचं काम झालं, की विषय संपत आणि दोन्ही घरची माणसं एकमेकांकडे नीट निरखून बघू लागत. लग्न जमण्याच्या दृष्टीने हे धोक्याचं होतं. शेवटी एकदा हंसाबेन नावाच्या बाई मुलाची पत्रिका घेऊन आल्या, त्यांनी पांढऱ्या टीव्हीकडे बघत पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, “गुरुजी, इतना खाली है क्या मेरे बेटे का नसीब?”

गुरुजींनी त्याच संध्याकाळी सॉफ्टवेअरवाल्या नीलेशला फोन लावला.

नीलेशची कंपनी भाईंदर पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात होती. खाली स्टीलच्या वाट्यांना पॉलिश व्हायचं, वर सॉफ्टवेअर बनायचं, आणि माल चकचकीत दिसला पाहिजे एवढीच अट दोन्ही मजल्यांवर होती. गुरुजींचं काम त्याने पंचशीलाकडे दिलं.

पंचशीला त्याच्याकडची सगळ्यात हुशार प्रोग्रामर. खारी गावाला लागून झालेल्या एका बिल्डिंगमध्ये आईवडिलांबरोबर राहायची. तिने दुपारभर सॉफ्टवेअर उलगडून पाहिलं आणि नीलेशसमोर जाऊन उभी राहिली.

“सर, गणित चुटकीसरशी होतंय. वेळ लागतोय तो गिऱ्हाइकाला द्यायची पुस्तिका बनवायला. शनीच्या प्रकरणात गुरुजींचा पानभर फोटो आहे. त्यांच्या भाच्याने लग्नाच्या कॅमेऱ्याने काढलेला, तसाच्या तसा टाकलाय. एवढा मोठा की होर्डिंगवर लावला तरी नाकावरचा तीळ मोजता येईल. तो छोटा केला की काम झालं.”

“शनीच्या प्रकरणात त्यांचा फोटो कशाला?”

“शनी वाचून माणूस घाबरला की लगेच गुरुजी दिसले पाहिजेत म्हणून. त्यांनीच सांगितलं होतं.”

“मग राहू दे,” नीलेश म्हणाला. “क्लायंटने प्रोग्रेस बार मागितलाय, बार द्यायचा. फास्ट कोणी मागितलंय?”

तर पंचशीलाने पट्टी बनवली. हिरवी, डावीकडून उजवीकडे सरकणारी. वर टक्के, खाली सध्या काय चाललंय त्याची ओळ. ती ओळ काय असावी हे गुरुजींनी फोनवर ठरवलं: रवी तपासत आहे, चंद्र तपासत आहे, असं करत केतूपर्यंत.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा तिचे वडील कोंडिराम जेवता जेवता थांबले. “घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीला लावल्यात, आन् पोरगी शनीला टक्के देऊ लागली.”

“टक्के मी फाइलींना देते, बाबा. नावं गुरुजींनी दिलीत.”

“आन् पट्टी कोन बनवली?”

“मी.”

“मंग झालं तर,” असं म्हणून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

पट्टी लोकांना फार आवडली. रवी, चंद्र, मंगळ भराभर जायचे. एकाहत्तर टक्क्यांवर, ‘शनी तपासत आहे’ या ओळीपाशी, पट्टी अडायची, कारण तिथे गुरुजींचा फोटो चढत असे. पहिल्या काही दिवसांत याचं कुणाला काही वाटलं नाही. मग एका मंगळवारी समिधाची आई मुलीची आणि जितेशची पत्रिका घेऊन आली.

समिधा तिथेच जवळच्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. मूळचं घर म्हसळ्याकडचं. जितेशशी तिची ओळख आधीपासूनची होती, एकमेकांना पसंत होते, दोन्ही घरं तयार होती. पत्रिका म्हणजे नुसता शिष्टाचार, असं जितेशची आई, आशाकाकू, स्वतः म्हणाल्या होत्या. दोन्ही घरची माणसं सोफ्यावर बसली. पट्टी निघाली, एकाहत्तरवर आली आणि थांबली.

ती हलेचना. दर मंगळवारी त्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरसची साफसफाई चालायची आणि बाकी सगळं काम रेंगाळायचं, हे खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आशाकाकूंनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग समिधाकडे. समिधाने गंमत म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढायला घेतला होता, तोही हळूच खाली केला.

गुरुजीही गोंधळले होते. पण दारोदार मशिनं विकलेला माणूस गप्प बसत नाही. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, “सोडत नाहीये.”

“कोण?” समिधाच्या आईने विचारलं.

“वाचा ना. समोर लिहिलंय.”

पट्टी पुढे सरकली तोवर आशाकाकू उठल्या होत्या. गुण किती जुळले हे बघायलाही त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून नकार आला. समिधाच्या आईने गुरुजींकडून शनीची शांती करून घ्यायचं ठरवलं. आणि ही बातमी बेव्हर्ली पार्कात पसरली तशी केंद्राबाहेर चपलांची रांग वाढली. लोक आता गुण विचारीनात. पट्टी कुठे अडली, किती अडली, तेवढंच विचारत. मंगळवारी शनी जास्त अडतो हा शोधही त्यांनी लावला, आणि तो खरा होता.

समिधा मात्र एक दिवस दवाखान्यातून सुटल्यावर थेट नीलेशच्या गाळ्यावर आली. टीव्हीच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि नंबर होता, तो तिच्या व्हिडिओत आला होता.

“ही पट्टी कुणी बनवलीय?”

“मी,” पंचशीला म्हणाली.

“मग माझा शनी का अडकला ते मला सांगा, मॅडम.”

पंचशीलाने तिला खुर्ची दिली, फोटो उघडून दाखवला, तो चढायला किती वेळ खातो तेही दाखवलं. समिधा बघत राहिली.

“म्हणजे माझ्या लग्नाच्या आड शनी नाही, गुरुजींचं तोंड आलंय?”

“हो. पानभर.”

समिधा हसली, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. “हे माझ्या आईला सांगाल? माझं ऐकत नाही ती.” तिने तिथूनच फोन लावून दिला.

पंचशीलाने सगळं नीट, सोप्या भाषेत सांगितलं. पलीकडून आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमचं आडनाव काय?”

पंचशीलाने आडनाव सांगितलं.

“तुमच्यात हे मानत नाहीत ना,” आई म्हणाली, अगदी मवाळपणे, एखाद्याची अडचण समजून घेतल्यासारखी. “मग तुम्हाला कसं कळणार?”

फोन बंद झाला. समिधा ओशाळून “सॉरी” म्हणाली. पंचशीलाने हात झटकला, खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली आणि नीलेशला न विचारता गुरुजींचा फोटो पासपोर्टच्या आकाराचा केला आणि तिथूनच केंद्रातल्या कॉम्प्युटरवर चढवून टाकला.

दोन दिवसांत गुरुजींचा फोन आला. ते इतक्या मोठ्याने बोलत होते की नीलेशने मोबाइल कानापासून लांब धरला.

“माझी पट्टी पळतेय! रवीपासून केतूपर्यंत एका दमात! लोक म्हणतात, एवढ्यात झालं बघून? नीट बघा. एक जण तर शांती कॅन्सल करून गेला. नीलेश, मला माझा शनी परत पाहिजे.”

नीलेशने पंचशीलाला बोलावलं. “फोटो होता तसा कर.”

“मुद्दाम स्लो करायचं, सर?”

“स्लो नाही गं. ओरिजिनल. उद्या स्वतः जाऊन टाकून ये, म्हणजे गुरुजी शांत होतील.”

पंचशीला वाद घालत बसली नाही. तिने मोठा फोटो परत जागेवर ठेवला. फक्त पट्टीखालची ओळ बदलली. आत जे काम चाललं असेल ते बाहेर लिहायचं, पट्टी असते त्याचसाठी, असं तिचं म्हणणं. नीलेशने बदल तपासला, म्हणजे पट्टीचा हिरवा रंग तसाच आहे ना एवढं पाहिलं.

ती केंद्रात पोहोचली तो मंगळवार होता, आणि सोफ्यावर समिधा, तिची आई, जितेश आणि आशाकाकू बसले होते. शांती झाली होती. आशाकाकूंनी मोठ्या मनाने पट्टीला आणखी एक संधी द्यायचं कबूल केलं होतं. समिधाने पंचशीलाला ओळखलं आणि नजर परत टीव्हीकडे वळवली. पंचशीलाने नवीन सॉफ्टवेअर टाकलं आणि कॉम्प्युटरच्या बाजूला उभी राहिली. गुरुजींनी हात जोडून बटण दाबलं.

पट्टी निघाली. एकाहत्तरवर थांबली. खाली ठळक अक्षरांत ओळ आली: ‘गुरुजींचा फोटो फार मोठा आहे. तो चढेपर्यंत थांबा.’

समिधाच्या आईने चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली. जितेशने ती मोठ्याने वाचली. गुरुजींचा चेहरा उतरला, त्यांनी आधी टीव्हीकडे आणि मग पंचशीलाकडे असं पाहिलं की तिला वाटलं, आता इथेच तमाशा होणार.

तेवढ्यात आशाकाकू उठल्या, गुरुजींच्या पायाशी वाकल्या.

“बघितलंस, जितेश?” त्या म्हणाल्या. “त्यांचं रूप एवढं मोठं आहे की मशिनलासुद्धा पेलत नाही.”

गुरुजींना सावरायला एक श्वास पुरला. “तेच तर,” त्यांनी हात वर केला. “मी पुढे आल्याशिवाय शनी हलत नाही. आता मशीनच सांगतंय.”

समिधाच्या आईनेही हात जोडले. पंचशीला भिंतीला टेकून उभी राहिली.

मग समिधा हसायला लागली. तिने तोंडावर हात ठेवला, तरी हसू थांबेना. आईने चिमटा काढला. ती जितेशकडे वळली.

“तुला काय वाटतं, जितू?”

“कशाबद्दल?”

“हे जे चाललंय त्याबद्दल. आपल्याबद्दल.”

जितेशची नजर पट्टीवर होती. “एकदा पूर्ण होऊ दे ना. मग बोलू.”

समिधाचं हसू गेलं. बराच वेळ तिने त्याच्याकडे पाहिलं. हिरव्या उजेडात त्याचं तोंड किंचित उघडं होतं. ती उठली, पर्स खांद्याला लावली, बाहेर जाऊन चपलांच्या ढिगातून आपल्या शोधल्या आणि रस्त्याला लागली. जितेशला वाटलं, पाणी प्यायला गेली.

पट्टी पूर्ण झाली. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळत होते. गुरुजींनी “उत्तम!” म्हणून टाळी वाजवली आणि आशाकाकूंनी पेढ्यांचा डबा काढला, तो त्यांनी बरोबरच आणला होता.

त्या रात्रीपासून समिधाच्या घरी आशाकाकूंचे फोन सुरू झाले. समिधाने नाही म्हणून सांगितलं. जितेशने मेसेज केला: पण आता तर सगळं क्लिअर आहे, प्रॉब्लेम काय आहे? तो वैशाखात वसईच्या एका मुलीशी लग्न करून मोकळा झाला, पट्टी बघूनच.

नोकरी गेली असं धरूनच पंचशीला दुसऱ्या दिवशी कामावर गेली. नीलेशने तिला पेढा दिला. गुरुजी खूष होते. ओळ तशीच ठेवायची होती, फक्त ‘फार मोठा’च्या जागी ‘दिव्य’ घालायचं आणि ‘चढेपर्यंत’च्या जागी ‘प्रकट होईपर्यंत’.

“आणि ठाण्याच्या दोन ज्योतिषांना पण पाहिजे,” नीलेश म्हणाला. “त्यांचेही फोटो मागवलेत. मोठे पाठवा म्हटलंय.”

“हे मी नाही करणार, सर.”

“अगं, दोन शब्दांसाठी?”

“हो.”

तो काम करायला दुसऱ्या कुणालातरी बसवेल हे तिला ठाऊक होतं, आणि त्याने तसंच केलं. महिनाअखेरीस तिने नोकरी सोडली. कोंडिराम त्या दिवशी येताना जिलेबी घेऊन आले.

पुढे ती आणि समिधा अधूनमधून भेटू लागल्या. रविवारी सकाळी समिधा स्कूटी घेऊन यायची आणि दोघी चेणे गावाच्या बाजूला रस्त्याकडेच्या टपरीवर चहा प्यायच्या. एकदा पंचशीलाने विचारलं, आई अजून रागावलीय का.

“आईला सगळा उलगडा झालाय,” समिधा म्हणाली. “अठ्ठावीस गुण जुळत होते. शांती केली होती. तरी मोडलं. म्हणजे शनी पत्रिकेत नव्हताच. ती म्हणते, शनी म्हणजे तू.”

पंचशीलाला ठसका लागला. “मग आता शांती काय सांगितलीय?”

“तुझ्याशी बोलायचं नाही. सात शनिवार.”

“आज रविवार आहे.”

“म्हणूनच आले,” समिधा म्हणाली, आणि टपरीवाल्याला हाक मारली, “भैया, और दो कटिंग. एक में शक्कर कम.”