नळ सोडून जेवताना

नळ पूर्ण सोडून धाकटी न्हाणीघरात पालथ्या बादलीवर बसली आणि अंडं सोलू लागली. टरफलं मांडीवरच्या रुमालात पडत होती. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच दारावर थाप पडली.

"आत काय चाललंय?" थोरलीचा आवाज.

"कपडे धुतेय."

"सकाळीच धुतलेस की."

धाकटीने उरलेलं अंडं तसंच तोंडात कोंबलं. ते घशात अडकलं, ठसका लागला आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. दार उघडलं तेव्हा ती लाल डोळ्यांनी तोंड पुसत उभी होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, मग आत मान घालून मोरीकडे पाहिलं आणि चक्क वास घेतला. चोराला मुद्देमालासकट पकडल्याचा आनंद नव्हता तिच्या चेहऱ्यावर, भीतीच होती.

थोरली परवा आली, तीही न कळवता. बॅग दारात टेकवून पहिलं वाक्य टाकलं ते "अगं, किती वाळलीस!" तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून बहिणीवर नजर ठेवून होती. धाकटी कधी ताट वाढून घेत नाही. "नंतर जेवते" म्हणते आणि ते नंतर काही उजाडत नाही. विचारलं तर "जेवले" म्हणते, पण खरकटं भांडं कुठे दिसत नाही. वर नळ सोडून न्हाणीघरात कोंडून घेते, ते वेगळंच.

संध्याकाळी बाबांना भरवायची वेळ झाली. भरवायचं म्हणजे काय, तर उशा लावून त्यांना टेकवून बसवायचं, पोटाला बसवलेल्या नळीचं बूच काढायचं आणि पावडरीचं पातळ मिश्रण सिरिंजमधून हळूहळू आत सोडायचं. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांना गिळता येत नव्हतं. तोंडावाटे पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. उभी हयात बस चालवलेला माणूस. कुठल्या थांब्यावर काय चांगलं मिळतं हे त्यांना रस्त्यापेक्षा जास्त पाठ होतं. आता त्यांचं जेवण परस्पर पोटात जात होतं, जिभेला पत्ताही न लागता.

धाकटीने नळी पाण्याने धुतली, बूच लावलं, त्यांची हनुवटी पुसली. उठताना तिचे पाय भरून आले. दिवसभर मशीनवर गिऱ्हाइकांचे पडदे शिवायचे आणि मध्ये मध्ये उठून बाबांची कूस बदलायची. आपण दमलोय, हे तिला हल्ली वेगळं जाणवतही नसे.

थोरलीने तिला दंडाला धरून जिन्यात नेलं, मागे दार ओढून घेतलं आणि हातातली पिशवी पायरीवर उपडी केली. अर्धा पाव, बिस्किटांचे पुडे, केळ्यांची सालं.

"साबणाच्या डब्यामागे सापडलं. खायचं आणि नळ सोडून ओकायचं, हो ना? माझ्या ऑफिसातल्या एकीच्या मुलीला हाच आजार होता. तीही अशीच लपवून ठेवायची."

"ताई, काहीतरीच काय!"

"उद्या डॉक्टरकडे जायचं. आणि बाबांना मी घेऊन जाते. तुला स्वतःलाच सांभाळता येत नाहीये, त्यांना काय सांभाळणार तू?"

धाकटी मटकन पायरीवर बसली. चिडायलासुद्धा अंगात बळ लागतं, आणि ते कुठून आणायचं? पण बाबांना नेणार म्हटल्यावर गप्प बसून चालणार नव्हतं. थोरलीच्या घरी दिवसभर कोणी नसतं. बाबा तिथे परक्या माणसांच्या हातात पडणार, आणि त्यांचं अर्धवट बोलणं कुणाला कळणारही नाही.

"मी ओकत नाही," ती म्हणाली. "चोरून खाते, एवढंच."

"का पण?"

"हॉस्पिटलातून आणलं ना, त्याच आठवड्यात मी त्यांच्याजवळ ताट घेऊन बसले होते. बाबा बघत राहिले. मग म्हणाले, मलाही एक घास दे. मी नाही म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि रडले गं. आपले बाबा! त्यांना कधी रडताना पाहिलंयस तू? त्यांचा पलंग आणि ओटा यांच्यामध्ये नुसता पडदा आहे, ताई. बिस्कीट मोडलं तरी त्यांना ऐकू जातं."

थोरलीने खाली वाकून पुडे एकेक करून पिशवीत भरले.

"मला इथे कोणी बोलावलं, माहितीये?"

"कोणी?"

"बाबांनीच. रविवारी मला फोन लावून तू तो त्यांच्या उशीवर ठेवतेस आणि पडदे पोचवायला जातेस ना, तेव्हा. जीभ इतकी जड झालीये, आधी मला काही कळेचना. पण पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. घरात ताटाचा आवाज येत नाही. पोरगी जेवत नाही."

धाकटीला हसू फुटलं, आणि मध्येच त्याचं रडू कसं झालं ते तिलाच कळलं नाही. ती इकडे आवाज होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होती आणि तिकडे बाबा त्याच आवाजासाठी कान टवकारून पडले होते. तिला स्वतःचा भयंकर राग आला. त्यांचाही आला.

थोरलीने भात लावला, भाजी केली, तीही मुद्दाम भांडी आपटत. धाकटी ताट घेऊन बाबांच्या पलंगाशेजारी बसली.

"जे... व," बाबा म्हणाले.

तिने घास घेतला. बाबांची नजर आधी तिच्या हातावर, मग तोंडावर. ती चावू लागली तशी त्यांची हनुवटी हलली. तिने गिळलं तसा त्यांचा गळा वर-खाली झाला. दुसऱ्या घासालाही तसंच. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. हेच बघवत नव्हतं म्हणून तर ती इतके महिने पळत होती. ताट बाजूला ठेवून तिने त्यांचं तोंड पुसलं.

"बस, पोट भरलं माझं," ती म्हणाली.

बाबांनी चालता हात उचलून ताटाकडे बोट दाखवलं. डोळे वाहत होते, पण बोट खाली येईना.

धाकटीने ताट पुन्हा मांडीवर घेतलं. पुढचा घास तिने मोठा घेतला आणि आवाज करत चावला.