कंबरेला चिकटलेला पांढरा

व्हर्नाने त्या दुपारी जे केलं, ते आम्हा बुरशीवाल्यांशिवाय कुणालाच पाप वाटणार नाही. गरम पाण्याच्या टबात जागा पुरेना, म्हणून तिने बुरशीच्या एकेका शेंगेतल्या आठ बीजाणूंच्या आठ नळ्या एकत्र रबरबँडने बांधल्या. ऊब लागल्याशिवाय आमचे बीजाणू उगवत नाहीत, ते ठीक. पण शेंगेत ते आठ ओळीने बसलेले असतात आणि जनुक कुठे आहे ते त्या ओळीवरूनच कळतं; ती ओळ हीच आमची कमाई. जुडी बांधल्यावर पहिला कोण, शेवटचा कोण, देव जाणे.

"नळ्यांवर क्रम लिहिलास ना?" मी विचारलं.

"स्टँडमध्ये ओळीनेच होत्या गं!" म्हणत ती मटकन स्टुलावर बसली.

तिचं जनुक गुणसूत्राच्या कंबरेपासून, म्हणजे सेंट्रोमिअरपासून, किती दूर आहे हे तिला महिनाअखेरच्या बैठकीत सांगायचं होतं. नाहीतर प्रोफेसर ओबरहोल्ट ते काम आमच्याच प्रयोगशाळेतल्या डेल्बर्टला देणार होते.

"आता ओळ स्वप्नात लाव," डेल्बर्ट डोनट चघळत म्हणाला. आयत्या बिळावरचा नागोबा मेला! मला त्याचा असा राग आला.

बुरशी मात्र झकास उगवली. प्रत्येक जुडीत चार नारिंगी, चार पांढऱ्या. पांढरा रंग प्रोफेसरांच्या लाडक्या जनुकाचा. कंबरेला इतकं चिकटलेलं, की तिथून हलतच नाही. मालक खुर्ची सोडत नाही, जनुक कंबर सोडत नाही, असं आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचो.

नळ्यांकडे बघता बघता व्हर्ना ओरडली, "अगं, ओळ हवीय कुणाला! पांढऱ्या चौघांची कंबर एकच. माझं जनुक चौघांतही असलं किंवा एकातही नसलं, तर ते जागचं हललं नाही. दोघांतच असलं, तर कंबर आणि जनुक यांच्यामध्ये अदलाबदल झाली. असल्या जुड्या शेकडा किती ते काढायचं, निम्मं करायचं, झालं अंतर!"

मी तिला मिठीच मारली.

बैठकीत प्रोफेसरांनी भुवया चढवल्या. "ओळ कुठाय?"

"ओळ गेली. माझीच चूक," व्हर्ना म्हणाली. "पण तुमचा पांढरा होता." आणि तिने हिशेब समजावला.

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"इतकी वर्षं हसत होतात ना माझ्या पांढऱ्याला?"

"हो," आम्ही सगळ्या म्हणालो.

"डेल्बर्ट, हिच्या नळ्या धुऊन टाक. आणि व्हर्ना, फळ्यावरच्या नकाशात तुझं जनुक तूच मांड."

तिच्या हातात खडू द्यायला ते चक्क खुर्चीतून उठले.