खाली हॉलमध्ये कापा

मुलींच्या हॉस्टेलवर कार्यक्रम ठरवायचं काम ताईकडे होतं. ताई म्हणजे सहायक रेक्टर. मुलींहून थोडीच मोठी, म्हणून सगळ्या तिला ताईच म्हणायच्या. नोकरी अजून कायम झाली नव्हती. आधीच्या कार्यक्रमांना हॉल ओस पडला होता, आणि मोठ्या मॅडमनी, म्हणजे रेक्टरनी, सकाळीच सुनावलं होतं, "आज मी स्वतः येऊन बघणार आहे."

आज प्रश्नमंजूषा होती. ताईनं खुर्च्या मांडल्या, माईक तपासला, पुन्हा तपासला. वेळ उलटून गेली तरी चिटपाखरू फिरकेना.

शेवटी ती वर गेली. खोल्यांना कुलपं. टोकाच्या खोलीतून मात्र हसण्याचा आवाज येत होता. तिनं दार ढकललं आणि आत चिडीचूप झालं. पलंगांवर, टेबलावर, खिडकीत मुलीच मुली. मधल्या खुर्चीवर गळ्याला चादर बांधलेली एक, अर्धे केस कापलेली. मागे कात्री घेऊन उभी होती ती मौनी. कधी अवाक्षर बोलत नसे, म्हणून मुलींनीच तिचं हे नाव पाडलं होतं.

खोलीत केस कापायला सक्त मनाई होती. मागे केसांनी मोरी तुंबली तेव्हा मॅडमनी हॉस्टेल डोक्यावर घेतलं होतं.

"मी सगळं झाडून घेते, ताई," मौनी पुटपुटली. "घरी नका कळवू."

ताईला आधी रागच आला. आपण खाली जीव टांगणीला लावून बसलोय आणि या इथे मजेत. "एवढ्या सगळ्यांना केस कापायचेत?"

"नाही हो, निम्म्या नुसत्या गप्पांना आल्यात," खिडकीतली म्हणाली. "खाली प्रश्न विचारणार. ते वर्गात काय कमी विचारतात?"

ताईला हसू आलं नाही. मॅडम कुठल्याही क्षणी येणार होत्या. "खुर्ची उचला," ती म्हणाली. "खाली हॉलमध्ये कापा. झाडूही घ्या."

"आणि मॅडम?"

"त्यांचं मी बघते," ती म्हणाली आणि पुढे होऊन जिना उतरू लागली.

मॅडम आल्या तेव्हा हॉल गच्च भरला होता, फरशीवर केसच केस. त्या दारातच थबकल्या. मौनीनं कात्री पाठीमागे नेली.

"ही कसली प्रश्नमंजूषा?"

"ती रद्द केली." ताई पुढे आली. "मनाई खोल्यांमध्ये आहे, मॅडम. इथे आणायचं मीच ठरवलं. बोलायचं ते मला बोला."

मॅडमनी हॉलभर नजर फिरवली. "त्या पोरीला अर्धवट डोक्यानं बसवू नकोस," त्या मौनीला म्हणाल्या. मग ताईला, "तू उद्या ऑफिसात ये."

ताईचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ती ऑफिसात गेली, पण मनात जुळवलेली माफी मागायची वेळच आली नाही.

"पुढच्या महिन्यात काय करणार?" मॅडमनी मान वर न करता विचारलं.

"ठरलं नाही अजून. आधी मुलींना विचारते."

"विचार."

ताई बाहेर आली. नोकरीचं विचारायचा धीर तिला शेवटपर्यंत झाला नव्हता.