गिरधरच्याच हातचं

प्रेतात औषध भरण्यात गिरधरचा हात धरणारा कॉलेजात दुसरा कोणी नव्हता, आणि हे गिरधरलाही चांगलंच ठाऊक होतं. तेच शेवटी नडलं.

देहदानाचा देह आला की मांडीच्या धमनीतून फॉर्मॅलिन सोडायचं, म्हणजे तो डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांसाठी वर्षभर टिकतो. चोपड्याकडचे रुपचंद आबा फॉर्म भरायला आले, तेव्हा त्यांनी हे सगळं खोदून खोदून विचारून घेतलं होतं. केळीच्या बागेत जन्म काढलेला माणूस, शिकलेला चौथीपर्यंत. होणारे डॉक्टर आपल्यावर शिकणार, याचं त्यांना कोण अप्रूप! निघताना त्यांनी गिरधरचा हात धरला आणि माझं सगळं तुझ्याच हातून होऊ दे म्हणाले. गिरधरने शब्द दिला.

आबा गेले ऐन मे महिन्यात, आणि नेमका त्या दिवशी गिरधर शिरपूरला भाचीच्या लग्नात. मामाशिवाय नवरी बोहल्यावर जायची कशी? अकराच्या सुमारास त्याच्या जोडीदाराचा, नवीनचा फोन आला. आबांचा देह आलाय, कामाला लागतो, असं तो सांगत होता. नवीनला काम येत होतं, वीस वर्षं दोघं बरोबर होते. पण गिरधरला दिलेला शब्द आठवला. आणि खरं सांगायचं तर, आबांना दुसऱ्या कोणी हात लावावा हे त्याला सोसवेना.

"हात लावू नको. शीतपेटीत ठेव, मी आलोच," तो म्हणाला. ती पेटी उन्हाळ्यात धड गार होत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

लग्न लागायला दोन वाजले. मग पंगत, मग आहेर, मग बसची वाट. तो पोचला तेव्हा सात वाजून गेले होते. त्याने जीव तोडून काम केलं, पण तोवर रक्त साकळलं होतं, औषध सगळीकडे पोचलंच नाही. महिन्याभरात देह खराब झाला. एकाही मुलाच्या टेबलावर न जाता आबांना गुपचूप स्मशानात न्यावं लागलं. आबांच्या घरी कोणी कळवलं नाही आणि गिरधरनेही तोंड उघडलं नाही. नवीनबरोबर काम करताना त्याच्याकडे बघायचंही तो टाळू लागला.

दिवाळीनंतर आबांच्या पत्नी पुष्पाबाई कॉलेजात आल्या. हातात स्वतःचा देहदानाचा फॉर्म होता.

"आबावर डॉक्टर शिकनात ना, गिरधरभाऊ?" त्यांनी विचारलं. "मी बठ्ठा गावले सांगेल शे. आते मनं बी तूच कर."

हो म्हटलं असतं तर साऱ्या गावाला सांगून बसलेली म्हातारी समाधानाने घरी गेली असती. तो हो म्हणणारही होता. पण दुसऱ्यांदा तोच शब्द द्यायची लाज वाटली त्याला. त्याने सगळं सांगून टाकलं. नवीनचा फोन, शीतपेटी, लग्नाची पंगत, काही लपवलं नाही.

"मंग आग कोनी दिधी?"

"मी, अक्का. दुसरं कोणी नव्हतं."

त्यांनी हातातला फॉर्म मांडीवर ठेवला.

"मना पोरे पाय धरी ऱ्हायंतात, आमले आग दिऊ दे म्हनीसन," आबा गेले त्या दिवसाबद्दल त्या म्हणाल्या. "मीच दिऊ दिधी नही."