एफीच्या साच्याची हकिगत

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण आमच्या बेटावरचा शॉर्टब्रेडचा, म्हणजे लोण्याच्या खुसखुशीत बिस्किटांचा, एक साचा समुद्राने दोनदा ओकून परत दिला आहे. फेकणारी मीच, म्हणून खात्रीने सांगते.

टॉर्क्विललाही मी हेच सांगितलं. वर्षाच्या शेवटच्या दुपारी, माझ्याच स्वयंपाकघरात बसवून. टॉर्क्विल फेरीबोट चालवतो, आणि काळ्या केसांचा पुरुष बेटावर तेवढाच एक उरलाय. बाकीचे तांबडे, नाहीतर टकले. नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडलं तर शुभ, त्यामुळे वर्ष लागलं की घरोघरचा उंबरा पहिल्यांदा ओलांडायचा मान त्याचा. एका हातात कोळशाचा खडा, दुसऱ्या हातात शॉर्टब्रेडचा डबा. घरं तेवीस, डबा एकच. आणि तो डबा वर्षानुवर्षं माझ्या नणंदेचा, एफीचा. तेवीस घरांत तिचं नाव निघतं. माझ्याही घरात, माझ्याच उंबऱ्यावर, मला तोंडभर हसून तिचा तुकडा घ्यावा लागतो.

म्हणून यंदा मी त्याला धक्क्यावरच गाठून बजावलं होतं, "एफीकडे जायच्या आधी माझ्याकडे यायचं."

आला. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "नेट्टाकाकू, एवढ्या थंडीत खिडकी सताड उघडी?"

"तुझी बोट दिसावी म्हणून. कोट राहू दे अंगात."

मी चहा ओतला. तो साखर ढवळेपर्यंत माझ्या मनात जुनंच सगळं ढवळून वर आलं. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात माझ्या नवऱ्याने बहिणीचा तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "विरघळतो." मग माझा खाल्ला आणि म्हणाला, "चहा आहे का गं?" बेचाळीस वर्षं झाली. माणूस गेला, पण तो निखारा माझ्या पोटात आहे तिथेच आहे.

लोणी तेच. साखर तीच. मैदा तोच, मूठभर तांदळाची पिठीसुद्धा तीच. मग फरक कशात? साच्यात. सासूबाईंचा लाकडी साचा, मधोमध काटेरी फूल कोरलेलं. तो माझ्याकडे यायला हवा होता, पण म्हातारीने लेकीला दिला. एफीने लहानपणी तो पाडला आणि फुलाचं डावं पान उडालं. आता लोक त्या नसलेल्या पानाचंसुद्धा कौतुक करतात. माझा पाय मोडला तेव्हा कोणी बघायला फिरकलं नव्हतं.

"टॉर्क्विल," मी म्हटलं, "एफीकडे यंदा काही मिळायचं नाही. तिचा साचा समुद्रात आहे."

"समुद्रात?"

"रविवारी ती चर्चमध्ये होती. मी तिच्या चुलीवरच्या खिळ्यावरून काढला आणि कड्यावरून भिरकावला. घरी येऊन बघते, तर दारात एक सील, समुद्रातून वर आलेला. तोंडात साचा."

"सील."

"म्हातारा, मिशाळ. अगदी तुझ्या आजोबांसारखा बघत होता. पुन्हा फेकला. दुसऱ्या दिवशी भरती आली आणि साचा थेट कोंबड्यांच्या खुराड्यात. कोंबड्यांनी तीन दिवस अंडी दिली ती लोण्याच्या वासाची."

"आणि तिसऱ्यांदा?"

"नांगराची साखळी बांधून बुडवला. आता नाही यायचा."

टॉर्क्विलने शांतपणे चहा प्यायला. "एफीकाकू काही बोलल्या नाहीत मला."

"लाजेने. साच्याशिवाय ती काय करणार? हातात कसब आहे कुठे तिच्या? मी बघ, साचाबिचा नाही, हाताने थापलाय, काट्याने टोचलाय." मी बशी पुढे केली. वर साखर चांगली जाड भुरभुरवली होती. "आधी खा. मग ठरव, उंबऱ्या-उंबऱ्यावर कुणाचा डबा न्यायचा ते."

त्याने एक तुकडा उचलला, कोपरा तोडून तोंडात टाकला. चावला नाही. नुसता थांबला. मी त्याच्या जबड्याकडे बघत होते, नवरा असेपर्यंत दर नाताळात त्याच्या जबड्याकडे बघायचे तशी.

"विरघळतो," तो म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. खोटं नाही सांगत. मी कपाटातून डबा काढला, झाकण घट्ट बसवलं, त्याच्यापुढे ठेवला. "ने मग. आणि प्रत्येक दारात नाव स्पष्ट सांग. नेट्टाचा म्हणून."

त्याने डब्याला हात लावला नाही. उरलेला तुकडा तोंडाजवळ नेला आणि हलकेच फुंकर मारली. साखर टेबलावर उडाली. मग तो तुकडा उजेडात धरला, उघड्या खिडकीकडे, आणि नाक वर करून हवा हुंगली.

"काकू, तुमचा आज पुन्हा करपला, होय ना?"

"कोण म्हणतं?"

"खिडकी म्हणते. आणि काल मीच एफीकाकूंची तुमच्यासाठीची भेट पोचवली होती, निळ्या कागदातली." त्याने तुकडा माझ्यासमोर बशीत सुलटा ठेवला. "साचा समुद्राच्या तळाशी साखळीला बांधलाय म्हणता. मग हे काटेरी फूल कुठून उमटलं, तेही डाव्या पानाविना?"